तुम्ही विचारलंत म्हणून: कार-टी आम्हाला का नाही?

परवा एका काकूंनी मोबाइलवरची बातमी माझ्यापुढे धरली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची नेक्सकार-१९ ही कार-टी ट्रीटमेंट, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली. "सिस्टर, रक्ताच्या कॅन्सरला चालते, मग आमच्या ह्यांच्या लघवीच्या पिशवीला का नाही?" युरॉलॉजीच्या डे-केअरमध्ये हा प्रश्न मला सारखा येतो.

कार-टीमध्ये पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून लॅबमध्ये त्यांच्यात नवा जीन घालतात आणि परत शिरेतून सोडतात. त्या मग कॅन्सरच्या पेशीवरची एकच खूण शोधत फिरतात आणि ती असलेली पेशी मारतात. नेक्सकारसाठी ती सीडी-१९. ही खूण अँटीबॉडी बनवणाऱ्या चांगल्या बी-पेशींवरही असते, त्याही मरतात. पण त्यांच्यावाचून माणूस तगतो, अँटीबॉडी बाहेरून देता येतात. मूत्राशयात घोडं इथेच अडतं. तिथल्या गाठींवर हर-२ नावाची खूण सापडते, पण सगळ्या पेशींवर नाही, आणि थोडीशी निरोगी फुफ्फुसातही असते. अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला हर-२ शोधणाऱ्या हजार कोटी पेशी दिल्या. पंधरा मिनिटांत धाप लागली, पाचव्या दिवशी रुग्ण गेला. २०१० मध्ये डॉक्टरांनी हे स्वतःच छापून जगाला सांगितलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. मूत्राशयासाठी अजून एकाही कार-टीला मंजुरी नाही, ती या धास्तीमुळेही.

पण काकू, तुमच्या ह्यांना मी दर मंगळवारी देते ती बीसीजीसुद्धा प्रतिकारशक्तीचीच ट्रीटमेंट आहे. आपल्या दंडावर जिचा व्रण असतो तीच क्षयाची लस, इथे कॅथेटरमधून, म्हणजे लघवीच्या वाटेने घातलेल्या नळीतून, मूत्राशयात सोडतात. कॅनडात डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरचा अनुभव मांडला, तेव्हापासून कॅन्सर स्नायूत शिरला नसेल तर ती वापरात आहे. लसीतले जिवंत पण दुबळे जंतू आतल्या अस्तराला चिकटतात आणि शरीर आपल्याच टी-पेशी तिकडे धाडतं, जीन न बदलता.

आता संशोधक कार-टीच्या पेशीही याच वाटेने, कॅथेटरमधून थेट मूत्राशयात सोडून पाहताहेत, म्हणजे त्या फुफ्फुसापर्यंत जाऊच नयेत. मला यातून खरोखर आशा वाटते.

हे सांगेपर्यंत काकांचं औषध आत गेलं होतं. दोन तास लघवी धरून ठेवायची. काकूंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि घड्याळात पाहिलं. "साडेबाराला ना? आणि घरी गेल्यावर संडासात ब्लीच टाकून किती वेळ थांबायचं, ते पुन्हा एकदा सांगा."