नादारीचा अर्ज

स्मरणिका समितीचा फोन आला, "शाळेची आठवण लिहा, दोन पानं तरी." शाळेच्या अमृतमहोत्सवात नाही कसं म्हणणार? पण सहलींच्या आठवणी माझ्याजवळ नाहीत. नववी-दहावीत मी एकाही सहलीला आलो नाही. वर्गातल्या मित्रांना तेव्हा पोटदुखीचं कारण सांगत होतो. खरं कारण आज लिहितो आहे. आई-बाबा आता नाहीत. ताईला आणि डोंबिवलीच्या काकूला विचारलं. दोघीही म्हणाल्या, लिही.

बाबा टर्नर होते, लेथवर लोखंड कातून सुटे भाग करणारे. दहा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काढून 1974 साली त्यांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा घेतला आणि दोन जुने लेथ टाकले. गिरण्यांच्या मागांना लागणारे गिअर, रोलर, शाफ्ट ते करून द्यायचे. काम वाढलं तसा तिसरा लेथ आणि एक मिलिंग मशीन घ्यायचं ठरलं. बँकेला जामीनदार हवा होता. माझे काका सरकारी कचेरीत कारकून, पगार पक्का. 1979 च्या गणपतीत ते नौपाड्याला आमच्याकडे आले होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या चौरंगावर कागद ठेवून त्यांनी सही केली. काकूने विचारलं, "वाचलंत का?" काका म्हणाले, "दादाचे कागद वाचायचे कसले?"

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. गिरण्या बंद म्हटल्यावर सुटे भाग कोण घेणार, आणि आधी दिलेल्या मालाचे पैसे तरी कोण देणार? बाबांची बिलं अडकली ती अडकलीच. माझा मामा लालबागला राहायचा, तोही संपावर. महिन्यातून दोनदा तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि बाबा त्याच्या पिशवीत तांदूळ घालून द्यायचे. संपवाल्यांबद्दल वाईट बोललेलं त्यांनी आमच्या घरात खपवून घेतलं नाही. हे मुद्दाम लिहितोय. आमचं घर कशाने बुडालं हे बाबांना चांगलं ठाऊक होतं, तरीही त्यांनी कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत.

दीड वर्ष त्यांनी ओढाताण केली. बँकेचा हप्ता द्यायला पतपेढी, पतपेढीला द्यायला भिशी, भिशीला द्यायला आईच्या पाटल्या. त्यांनी काय चूक केली असेल तर ही. पहिल्या सहा महिन्यांत गाळा बंद केला असता तर घर तरी राहिलं असतं, असं मला आजही वाटतं. पण हाताखाली सहा कामगार होते आणि संप पुढच्या महिन्यात मिटेल असं सगळेच म्हणत होते.

1983 च्या दिवाळीनंतर कोर्टाचे बेलिफ जप्तीला आले. मी नववीत होतो, सकाळची शाळा सुटून घरी पोचलो तर जिन्यात शेजारी उभे. गोदरेजचं कपाट, रेडिओ, टेबलफॅन, शिलाई मशीन यादीत चढलं. बेलिफ वयस्कर होते, आवाज चढवत नव्हते. आईने गळ्यातल्या मंगळसूत्राला हात घातला तेव्हा ते घाईने म्हणाले, "ते नाही बाई. कायद्यात बसत नाही." स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं, अंगावरचे कपडे आणि कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांची लाकडी पेटी त्यांनी उघडून बघितली. आत मोजमापाची हत्यारं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, कॅलिपर. पेटी बंद करून त्यांनी ती पायाने नाही, हाताने बाजूला सरकवली. चौरंगही यादीत घेतला नाही.

नौपाड्याचं घर गेलं आणि आम्ही कोपरीत एका खोलीत आलो. वकिलांच्या सल्ल्याने बाबांनी ठाण्याच्या कोर्टात 1920 च्या नादारी कायद्याखाली अर्ज केला, आणि मी दहावीत गेलो त्या महिन्यात ते नादार, म्हणजे कर्ज फेडू न शकणारे, म्हणून जाहीर झाले. नादार. हा शब्द कोर्टाच्या अर्थाने मी वकिलांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

त्या कायद्यात एक कलम होतं. नादार माणसाने, आपण नादार आहोत हे सांगितल्याशिवाय, कुणाकडून पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतलं तर तो गुन्हा. कोपरीतल्या वाण्याकडे आईची वही होती. बाबा मला घेऊन दुकानात गेले. माझ्या हातात तेलाचा डबा. चार गिऱ्हाईकं उभी होती, ती जाईपर्यंत ते थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. "शेठ, मी कोर्टात नादार झालोय. वहीत पन्नासच्या वर जायच्या आधी तुम्हाला हे माहीत असायला हवं." वाण्याने चष्मा वर केला, वहीत आमचं पान काढलं, बघितलं आणि म्हणाला, "एकेचाळीस झालेत. तेल किती देऊ?" परत येताना मी बाबांच्या दहा पावलं मागे चालत होतो. त्याची लाज मला नंतर वाटली, पुष्कळ नंतर. त्या संध्याकाळी मला त्यांचीच लाज वाटत होती.

आमच्यात बोलणं कमी झालं. बाबा दिवसभर वागळे इस्टेटमध्येच, आपल्या जुन्या गाळ्यापासून तिसऱ्या गाळ्यात, दुसऱ्याच्या लेथवर रोजाने उभे राहायचे. संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्यावर बसायचे आणि आम्ही जेवून झोपायला लागलो की घरी यायचे. आई साड्यांना हातशिलाईचे फॉल लावायची, रॉकेलच्या स्टोव्हशेजारी बसून. ताई एस.वाय.ला होती. तिने कॉलेज सोडलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण पत्रिकेचं दिलं. ताई एकदाही माझ्यासमोर रडली नाही, पण माझी दहावीची परीक्षा फी तिने तिच्या पाकिटातून काढून दिली तेव्हा नोटा दोनदा मोजल्या. तिला मोजण्यात चूक होईल अशी भीती वाटत असावी. दहा रुपये जास्त गेले तरी आठवड्याचं गणित चुकायचं.

आता शाळेचं. जप्ती झाली त्या वर्षीची माझी फी तीन महिन्यांची थकली होती. कार्यालयातल्या लेखनिक काकांनी मला मधल्या सुट्टीत बोलावलं नाही. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. हातात एक फॉर्म दिला. वर ई.बी.सी. छापलेलं होतं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठीची फी-सवलत. "आम्ही जुनी माणसं याला नादारीच म्हणतो. नादारीचा अर्ज," ते म्हणाले. तेव्हा त्या शब्दाचं मला काही वाटलं नाही. पुढल्या वर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मात्र घरात तोच शब्द कोर्टाच्या शिक्क्यासकट आलेला होता. बाबांनी अर्जासोबत कोर्टाच्या हुकमाची प्रत जोडून दिली, काही लपवायचं नाही म्हणून. लेखनिक काकांनी ती वाचली, घडी घातली आणि मला परत केली. "उत्पन्नाचा दाखला पुरे. हा कागद एकदा फाइलीत गेला की शाळेत कायम राहील. उद्या कोणीही वाचेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नादार म्हणजे जवळ नसलेला. एवढाच अर्थ आहे त्याचा. तू दुसरा लावू नकोस."

2016 साली संसदेने नादारीची नवी संहिता केली आणि वर्तमानपत्रांत 'नादारी व दिवाळखोरी' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापून येऊ लागले. दर वेळी मला शाळेचं ते कार्यालय आठवतं, ते दोन टेबल आणि मधली कपाटाची भिंत.

पुस्तकपेढीची पुस्तकं मराठीच्या बाई शनिवारी शाळा सुटल्यावर वाटायच्या. पुस्तकांना आधीच खाकी कव्हर घातलेलं असे, त्यामुळे वर्गात कुणाचं पुस्तक पेढीचं आणि कुणाचं नवं हे बाहेरून कळत नसे. ती कव्हरं बाई स्वतः घालायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत घरी बसून, सगळ्या पुस्तकांना. हे मला त्यांच्या मुलीकडून वीस वर्षांनी समजलं.

आणि लेथ. आपल्या शाळेच्या तांत्रिक विभागात एक छोटा लेथ होता, तो त्या वर्षी बिघडला. हेडसरांना कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण त्यांनी बाबांना निरोप पाठवला. एका गुरुवारी बाबा निळ्या शर्टात, ती लाकडी पेटी घेऊन शाळेच्या फाटकातून आत आले. मी पाण्याच्या नळांमागे गेलो. तांत्रिकच्या सरांनी अख्खा वर्ग लेथभोवती उभा केला, मलाही शोधून आणलं. क्रॉस-स्लाइडला, म्हणजे हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाला, प्ले आला होता, तो सैल हलत होता. बाबांनी गिब, म्हणजे ती ढिलाई काढणारी पट्टी, कसली, बेअरिंग बघितलं, मग एक सळई लावून कट घेतला आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. "वाच." मी वाचलं. "बारा पूर्णांक शून्य दोन." ते म्हणाले, "बरोबर." दीड वर्षात ते माझ्याशी कामाचं असं काही बोलले नव्हते. हेडसरांनी साठ रुपयांचं व्हाउचर करून सही घेतली. बाबा नको म्हणत होते. सर म्हणाले, "शाळा फुकट काम करून घेत नाही."

काही वर्षांनी कोर्टाने बाबांना नादारीतून मुक्त केलं. कर्ज त्यांच्यापुरतं संपलं. जामीनदाराला मात्र कायदा सोडत नाही. मूळ कर्जदार नादारीतून सुटला तरी त्याच्यासाठी सही केलेला माणूस बांधलेलाच राहतो. काकांच्या पगारावर चोवीस महिने जप्ती चालली. एका हुकूमनाम्यासाठी त्याहून जास्त चालत नाही. पण राहतं घर वाचवायचं म्हणून पुढे त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि बँकेशी तडजोड केली. 1984 च्या गणपतीआधी ते कोपरीला आले होते, दारातच उभे राहिले. "गणपती यापुढे माझ्याकडे," म्हणाले, चौरंग उचलला आणि गेले. त्यानंतर जाणं-येणं थांबलं. काकूची चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही. तिच्या दोन्ही मुलांचे क्लास त्याच वर्षी बंद झाले होते.

काकांचं देणं देण्याची सक्ती बाबांवर कुठल्याच कोर्टाची नव्हती. जवळजवळ दहा वर्षं ते दर महिन्याला डोंबिवलीला मनीऑर्डर पाठवत राहिले. शंभर, कधी दीडशे, मी कमावता झाल्यावर पाचशे. पोचपावत्या ते त्या हत्यारांच्या पेटीत ठेवायचे. 1997 च्या श्रावणात शेवटचे चारशे रुपये द्यायला मनीऑर्डर न करता आम्ही दोघं स्वतः गेलो. काकांनी पैसे घेतले, मोजले नाहीत. काकूने चहा ठेवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. निघताना काका आतून चौरंग घेऊन आले. एक पाय नवा बसवलेला होता. म्हणाले, "दादा, यंदा आम्ही तुमच्याकडे येतो."

लोकलला गर्दी होती. बाबा दाराजवळ उभे होते, चौरंग दोन्ही हातांनी छातीशी धरून. मुंब्रा गेल्यावर मी म्हटलं, "द्या माझ्याकडे." त्यांनी दिला नाही.