चार लाल दिवे आणि एक हिरवा ठिपका

गेले तीन आठवडे एकच रेकॉर्डिंग परत परत बघतोय. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं आहे. डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही रात्रीच्या लँडिंगमध्ये पायलटची नजर कशी फसते यावर काम करतो. सिम्युलेटर दिवसभर ट्रेनिंगला लागलेले असतात, संशोधनवाल्यांच्या वाट्याला पहाटे दोन ते सहाचा स्लॉट येतो, म्हणजे आमचा सगळा डेटा जागरण झालेल्या माणसांचा, आणि पेपरात त्याची बोळवण एका ओळीत होते. यावरून मीटिंगमध्ये मी बऱ्याचदा भांडलोय, उपयोग शून्य.

विषय ब्लॅक होल अप्रोचचा. समोर फक्त धावपट्टीचे दिवे, अलीकडे काळंकुट्ट पाणी नाहीतर रान, एकही दिवा नाही. अशा वेळी पायलटला वाटतं आपण फार उंच आहोत आणि तो खाली खाली येत जातो. धावपट्टी डोळ्यात जेवढ्या कोनात भरते तेवढा कोन तो नकळत कायम ठेवायला बघतो, आणि तसं केलं की तीन अंशांच्या सरळ उताराऐवजी झोळीसारखी खाली लोंबलेली वाट तयार होते. बोइंगच्या कॉनराड क्राफ्ट यांनी १९६०च्या दशकात सिम्युलेटरमध्ये हे दाखवलं, तेही कंपनीच्याच अनुभवी इन्स्ट्रक्टर पायलटांवर. नवशिकेच फसतात असं नाही, म्हणूनच मला हा विषय इतका धरून ठेवतो.

त्यावरचा उपाय धावपट्टीच्या डाव्या बाजूलाच उभा असतो, पॅपी. चार दिव्यांची रांग, विमान किती उंचीवर आहे त्यावर लाल किंवा पांढरे दिसणारे दिवे. दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे साधारण अडीच अंशांच्या खाली गेलात, वर या. कुठल्याही पायलटला झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

त्या रात्रीचे कॅप्टन खूप तास उडवलेले, बोलायला शांत, प्रत्येक रनआधी, म्हणजे सिममधल्या प्रत्येक लँडिंगआधी, सीट स्वतः नीट लावून घेणारे. पहिल्या सगळ्या रनमध्ये पॅपी बंद होता, ते खाली गेले, अपेक्षितच होतं. शेवटच्या रनला पॅपी चालू केला. दोन नॉटिकल मैलांवर उंची ६४० फुटांच्या आसपास हवी, ते ४५० वर होते. चारही दिवे लाल. तसेच पुढे. एक मैलावर दीडशे फूट उरले तेव्हा कुठे पॉवर दिली आणि गो-अराउंड केला, म्हणजे उतरणं सोडून परत वर गेले. मधल्या अर्ध्या मिनिटात पॅपी सलग लाल होता.

डीब्रीफला, म्हणजे नंतरच्या चर्चेत, मी रिप्ले लावला. आमचा आय ट्रॅकर चष्म्यासारखा असतो, इन्फ्रारेडने बुबुळ टिपतो आणि व्हिडिओवर एक बारीक हिरवा ठिपका उमटवतो, माणूस कुठे बघतोय ते. ठिपका तीनदा पॅपीवर गेला होता. मी म्हणालो, "सर, हे बघा, इथे तुम्ही पॅपीकडेच बघताय." मोठ्या खात्रीने म्हणालो.

त्यांनी चारदा मागे घ्यायला लावलं. मग स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "मला हे दिवे लाल दिसल्याचं आठवतच नाही. बघत होतो मग दिसलं कसं नाही?" मी लक्ष कसं विभागलं जातं वगैरे पाठ असलेलं बोललो. त्यांनी नुसती मान हलवली. चष्मा काढून घडी करून ठेवला, आणि जाताना म्हणाले, "परवा रात्री माझी फ्लाइट आहे."

ते वाक्य घेऊन मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कागदावर हिशोब मांडला, जो मी प्रयोगाच्या आधी मांडायला हवा होता. धावपट्टी ४५ मीटर रुंद, पॅपीचा सगळ्यात जवळचा दिवा कडेपासून १५ मीटरवर, पुढचे नऊ नऊ मीटरवर. म्हणजे मधल्या रेषेपासून रांगेचा मध्य जेमतेम ५१ मीटर. दोन मैलांवरून हे अंतर एक अंशसुद्धा भरत नाही, पाऊण अंशाच्या थोडं वर. आणि ट्रॅकरची चूक? विकणारे अर्धा अंश सांगतात, पण ती टेबलावर हनुवटी टेकवून बसलेल्या माणसावर मोजलेली. कॉकपिटमध्ये हेडसेटची गादी चष्म्याची काडी दाबते, नाकाला घाम येतो, चष्मा मिलिमीटरभर घसरतो आणि ठिपका सरकतो. अंशभर चूक सहज. त्यात त्या शेवटच्या रनआधी मी कॅलिब्रेशन, म्हणजे ठिपका नजरेच्या जागीच पडतोय ना, हे परत तपासलंच नव्हतं, स्लॉट संपायला बारा मिनिटं उरली होती.

म्हणजे कॅप्टन पॅपीकडे बघत होते की धावपट्टीच्या मध्याकडे, हे माझं यंत्र सांगूच शकत नव्हतं आणि मी ते छातीठोकपणे सांगितलं, एका अशा माणसाला ज्याला परवा उडायचं होतं.

बरं, एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर ठीक. पण डोळ्याचा तीक्ष्ण दिसणारा भाग साधारण दोन अंशांचा, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढा. म्हणजे ते मध्याकडे बघत असले तरी लाल दिवे त्या भागात किंवा अगदी काठावर येतच होते. प्रकाश डोळ्यात पोचला होता. पुढे त्याचं काय झालं ते कुठलाच ठिपका सांगत नाही. नासाच्या एम्स केंद्रात १९८०च्या सुमारास हेड-अप डिस्प्ले (डोळ्यांसमोरच उड्डाणाची माहिती दाखवणारा पडदा) लावून सिम्युलेटरमध्ये उतरणाऱ्या काही एअरलाइन पायलटांना समोर धावपट्टीवर उभं असलेलं विमानच दिसलं नव्हतं. विमान अगदी समोर होतं. तरी अपघातांवर बोलताना लोक 'पायलटने लक्ष दिलं नाही' असं सरळ लिहून मोकळे होतात, तेव्हा माझं डोकं फिरतं, आणि त्या रात्री मी तेच केलं, फक्त हिरव्या रंगात.

मी त्यांना फोन केला. फ्लाइटच्या आधीच, मुद्दाम. सगळा हिशोब सांगितला, कॅलिब्रेशनचंही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. पण दिवे लाल होते ना?" मी हो म्हणालो. "मग माझा प्रश्न तसाच आहे." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आमच्या डेटाच्या फाइलमध्ये 'पॅपी पाहिला' असा एक रकाना आहे, हो किंवा नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, ठिपका पॅपीभोवती आखलेल्या चौकटीत आहे ना, हो टाक आणि पुढे चल. तो हुशार आहे, पण आठ महिन्यांत एकदाही सिममध्ये येऊन बसलेला नाही. मी तो रकाना रिकामा ठेवलाय, आणि सगळ्या जुन्या रनच्या चौकटी परत मोजायला घेतल्यात.

सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्याचा आकार बदलता येतो हे मला तेव्हाच कळलं. आता मी एक अंश त्रिज्येचं फिकट वर्तुळ ठेवतो. दोन मैलांवर ते धावपट्टीच्या मध्यावर धरलं तर पूर्ण रुंदी आणि चारही दिवे त्यात मावतात. परवा नवीन आलेल्या फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, विचारलं, एवढं मोठं का ठेवलंय, नेमकं दाखवा ना. रिप्ले थांबवून आधी त्याला अंगठा लांब धरायला सांगितला.