फोडणी पडली की बोलणारा एसी

जूनमध्ये आमचा एसी बोलायला लागला, तोही बंद असताना. मी कढईत मोहरी टाकून चिमणी सुरू केली की पलीकडच्या खोलीतून आवाज यायचा, पोक्, पोक्, पोक्. चिमणी बंद केली की गप्प. आत बेडूक आहे, असं आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी जाहीर केलं आणि रोज संध्याकाळी त्याला हाक मारायला सुरुवात केली.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. भाड्याचा फ्लॅट, सातवा मजला. जून म्हणजे इथला ‘त्सुयु’, म्हणजे पावसाळा. आपल्यासारखा कोसळणारा नव्हे, दिवसदिवस रिपरिपणारा. कपडे वाळत नाहीत, चपलांवर पांढरी बुरशी धरते. कोकणात आजोळ असलेल्यांना अधिक सांगायला नको.

घर सांभाळणाऱ्या कंपनीला फोन केला आणि माझ्या मोडक्या जपानीत आवाज काढून दाखवला. पलीकडची बाई लगेच म्हणाली, “आ, पोको-पोको देसु ने!” म्हणजे या आवाजाला इथे नावसुद्धा होतं. तिने एकच प्रश्न विचारला, “भिंतीतलं हवेचं भोक उघडं आहे ना?”

ते मी जानेवारीत चिकटपट्टी लावून बंद केलं होतं.

इथली घरं डब्यासारखी घट्ट. बांधकामात वापरलेल्या रसायनांची वाफ घरात कोंडून लोक आजारी पडायला लागले, म्हणून जुलै २००३ पासून नव्या घरांत चोवीस तास हवा खेळती ठेवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली. त्यासाठी भिंतीत झाकणाचं एक गोल भोक असतं. थंडीत त्यातून बर्फासारखी हवा यायची, म्हणून मी चिकटपट्टी मारली आणि विसरले. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. खिडक्या बंद, भोक बंद. उरली एसीच्या पाण्याची नळी, जिचं दुसरं टोक बाल्कनीत उघडं असतं. हिवाळ्यात ती कोरडी होती म्हणून काही ऐकू आलं नाही. जूनमध्ये एसीने हवेतलं पाणी ओढायला सुरुवात केली, नळीत पाणी साचलं आणि बाहेरची हवा त्यातून बुडबुडत आत येऊ लागली. पट्टी सोलून काढली. बेडूक गेला. चिरंजीव दोन दिवस रुसून होते.

आवाज गेला, पण वास राहिला. एसी लावला की पहिली पाच मिनिटं ओल्या गोणपाटासारखा वास. मग मी मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. बाबांचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद केलंय. पण सल्ल्याचं दुकान चालू आहे.

“प्लग काढलास?”

“रिमोटने बंद केलाय.”

“रिमोटने एसी झोपतो गं, मरत नाही. प्लग काढ, मग पुढचं बोलू.”

इथे भिंतीतल्या सॉकेटला खटका नसतो. एसीचं सॉकेट वेगळं, छताजवळ. स्टुलावर चढून प्लगच उपसावा लागतो. वर मी शहाणपणा केला, “बाबा, इथे १०० व्होल्टच असतात.” ते म्हणाले, “शंभरानेही माणूस मरतो बाळ. आणि प्लग काढला तरी दहा मिनिटं थांब. आतल्या सर्किट बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये करंट उरलेला असतो.”

पुढचं काम सोपं होतं. समोरचं झाकण वर उचललं, दोन्ही जाळ्या काढल्या. त्या आधी व्हॅक्युमने बाहेरून झाडायच्या आणि मग मागच्या बाजूने पाणी सोडायचं. समोरून सोडलं की धूळ भोकांत आणखी घट्ट बसते. आमच्या जाळ्यांवर नुसती धूळ नव्हती, तेलकट राखाडी साय होती. एका खोलीत झोपणं आणि शेजारच्या कोपऱ्यात रोजची फोडणी, दुसरं काय होणार! भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवल्या. मागची अॅल्युमिनियमची पाती मऊ ब्रशने वरून खालीच झाडायची. आडवा ब्रश फिरवला तर पाती मुडपतात, आणि उघड्या बोटाने पुसायला जाल तर ब्लेडसारखं कापतं. हातमोजे घाला. मी दुसऱ्या मिनिटाला घातले, पहिल्या मिनिटाची खूण अजून अंगठ्यावर आहे.

मग हवा बाहेर पडते त्या फटीत टॉर्च मारला. आतला ब्लोअर, म्हणजे तो लांबट गोल पंखा, काळा ठिक्कर होता. वास तिथलाच. थंड कॉइलवर, म्हणजे त्या पात्यांमधल्या गार नळ्यांवर, हवेतली वाफ पाणी होऊन जमते, पंखा अंधारात ओला राहतो, त्यावर तेलकट धूळ. बुरशीला आणखी काय हवं?

इथल्या औषधांच्या दुकानात एसी धुण्याच्या स्प्रेचे डबे मिळतात. फवारा, घाण आपोआप नळीतून वाहून जाते, असा त्यांचा दावा. मी एक आणून ठेवला होता. तो मी बाबांना दाखवला आणि चेहरा बघितला. त्यांच्या दुकानात पूर्वी खिडकीचे एसी अंगणात काढून पाइपने धुवायचे. स्प्लिट एसी नवे आले तेव्हा एका पोऱ्याने भिंतीवरच्या युनिटवर तसंच पाणी मारलं. उजव्या बाजूला कॉइलला खेटून बोर्ड असतो. बोर्ड गेला आणि त्याचे पैसे बाबांनी भरले. “उजव्या बाजूला पाण्याचा थेंब जायला नको. ते कळत नसेल तर फवारू नकोस.”

इथली वस्तूंची सुरक्षितता तपासणारी सरकारी संस्था, एनआयटीई, हेच सांगते. फवारलेलं द्रावण वायरींच्या जोडांवर बसतं, तिथून वीज हळूहळू वाट काढते आणि पुढे कधीतरी आग लागते. धुतल्यादिवशी काहीच होत नाही, हाच त्यातला घात. शिवाय डबाभर फेसाने बुरशी धुऊन निघत नाही, अर्धवट सुटून पाण्याच्या नळीत अडकते. माझं मत विचाराल तर तो डबा ही एसीच्या सफाईतली सगळ्यात वाईट वस्तू आहे. माझा न उघडता पडून आहे.

मग माणूस बोलवायचं ठरलं. आधी करारनामा बघितला. इथे भाड्याच्या घरातला एसी मालकाने दिलेली सोय असू शकतो, किंवा ‘झान्चिबुत्सु’, म्हणजे आधीच्या भाडेकरूने मागे सोडलेली वस्तू. दुसऱ्या प्रकारात बिघडला तर खर्च बहुतेक आपल्याच माथी. आमचा मालकाचा, म्हणून परवानगी घेतली. जूनमध्ये सगळ्या टोकियोला एसी आठवतो, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. शहाणे लोक मेमध्ये बोलावतात. बिल बारा हजार येन.

आलेला मुलगा पंचविशीचा असेल. बूट काढून, स्वतःचे मोजे बदलून आत आला. पहिला अर्धा तास त्याने एसीला हातच लावला नाही म्हणा ना. आधी एसी चालवून थंड हवेचं तापमान मोजलं, म्हणजे नंतर ‘तुम्ही बिघडवला’ असं कुणी म्हणायला नको. मग भिंत, जमीन, खालचं कपाट प्लास्टिकने झाकलं. प्लग काढला. खालची पट्टी मधोमध किंचित वाकवून खुंटीतून सोडवली. पुढच्या कव्हरचे स्क्रू छोट्या टोप्यांखाली लपलेले असतात. ते काढून एका डबीत ठेवले. वरच्या खाचा सोडवून कव्हर उतरवलं, त्याआधी प्रत्येक वायरीच्या जोडाचा फोटो. उजव्या बाजूचा बोर्ड आणि मोटर त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने अशी बंद केली की आपली आजी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची ते आठवलं. मग एसीच्या खाली प्लास्टिकचा मोठा झोळ टांगला, त्याचं निमुळतं तोंड बादलीत.

द्रावण, थोडा वेळ थांबणं, मग छोट्या पंपाने बेताच्या दाबाचं पाणी. ब्लोअर बोटाने थोडा थोडा फिरवत धुतला. त्याचं एक पातं तुटलं तरी पंखा डगमगतो आणि कायमची घरघर मागे लागते.

मी विचारलं, सगळा एसीच भिंतीवरून उतरवून का नाही धुवत? त्याने मागच्या तांब्याच्या नळ्यांकडे बोट दाखवलं. त्या सोडवायच्या तर आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो, पंप डाऊन. ते करताना हवा आत शिरली आणि कॉम्प्रेसर चालूच राहिला तर तो फुटतो. माणसं जखमी झालेली आहेत. नुसत्या सफाईसाठी त्या नळ्यांना कुणी हात लावू नये.

शेवटी त्याने बादली आणून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली, वाढदिवसाचा केक धरावा तशी. पाणी कोळशासारखं काळं. मी “सुगोई”, म्हणजे ‘भारीच’, म्हटलं, तो खूश झाला. गॅस भरायचा का, असं मी आपल्याकडच्या सवयीने विचारलं, तर तो गोंधळला. गॅस काही पेट्रोल नव्हे, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळतोय, आधी गळती शोधा. बाबा हे गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आले.

आता रात्री एसी बंद करण्याआधी तासभर नुसता पंखा चालवते, आत कोरडं व्हावं म्हणून. फोडणी घालताना भोक उघडं असतं. संध्याकाळी बाबांना सगळे फोटो पाठवले. बोर्ड गुंडाळल्याचा फोटो त्यांनी मोठा करून बघितला, पण उत्तर आलं ते भलत्याच फोटोवर: “तो खालचा झोळ तिकडे कितीला मिळतो गं? विचार. डिसेंबरला येताना एक आण.”