सफरचंदाच्या स्ट्रुडेलची पारी आणि पाककृतींनी लपवलेला वेळ

व्हिएन्नात राहायला आल्यापासून सफरचंदाचा स्ट्रुडेल, म्हणजे पातळ पारीत सारण गुंडाळून भाजलेला गोड पदार्थ, घरी करायचा, असे माझ्या मनात होते, आणि आता तो मला उत्तम जमतो, हे अभिमानाने सांगते. मात्र या पदार्थाच्या बहुतेक पाककृती ज्या एका वाक्यापाशी वाचकाला वाऱ्यावर सोडतात, त्या वाक्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. ते वाक्य असे : ‘पीठ अर्धा तास मुरू द्यावे आणि मग कागदासारखे पातळ ताणावे.’

सफरचंदाच्या जुन्या गोड पदार्थांत वरच्या पिठाला एवढे महत्त्व नेहमीच होते असे नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका इंग्रजी पाककृतीत सफरचंदाबरोबर अंजीर, मनुका, नासपती, मसाले आणि केशर आहे, साखरेचा उल्लेख नाही आणि बाहेरचे कवच हे सारण धरून ठेवणारी पेटी एवढ्यापुरतेच आहे. स्ट्रुडेलचे तसे नाही. हाताने ताणलेल्या पातळ पिठाची कला ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या, प्रदेशांतून हंगेरीमार्गे इथवर आली, आणि व्हिएन्नाच्या नगरभवनातील ग्रंथालयात स्ट्रुडेलची १६९६ सालची हस्तलिखित कृती आजही जपून ठेवलेली आहे. गंमत म्हणजे ती सफरचंदाची नसून दूध-सायीच्या स्ट्रुडेलची आहे. म्हणजे सारण बदलत गेले, पारी मात्र टिकली. म्हणूनच पारीबद्दल एका ओळीत उरकणे मला अक्षम्य वाटते.

अडीचशे ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा व्हिनेगर आणि साधारण सव्वाशे मिलिलिटर कोमट पाणी, एवढेच साहित्य लागते. पीठ हाताला किंचित चिकटेल इतके सैल भिजवायचे आणि चांगली दहा मिनिटे, मधूनमधून ओट्यावर आपटत, मळायचे. इथपर्यंत काही अडत नाही. अडते ते पुढे. अर्ध्या तासाने गोळा लाटून ताणू लागले, की तो ताणला जातो आणि हात काढताच पुन्हा आक्रसतो. जोर लावला तर कडा जाडच राहतात आणि नेमका मध्यभाग फाटतो. मळताना ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांचे, जे जाळे घट्ट होते, ते सैल पडायला वेळ लागतो, व्हिनेगरची त्याला थोडी मदत होते. पण हिवाळ्यातल्या थंड स्वयंपाकघरात अर्धा तास मुळीच पुरत नाही, हे कोणीही लिहीत नाही. शहरातल्या एका प्रात्यक्षिकाला मी मुद्दाम गेले, तर तिथे आधीच मुरलेला गोळा आतून आणण्यात आला आणि बघता बघता पारी तयार झाली. ज्या वेळात सारे घडते, तोच वेळ प्रेक्षकांपासून लपवलेला! मला त्या दिवशी फार चीड आली.

शेवटी उपाय सापडला तो असा : गोळ्याला सगळीकडून तेल लावावे, गरम पाण्याने तापवून पुसलेले जाड भांडे त्यावर पालथे घालावे आणि दीड तास त्याच्याकडे पाहूही नये. भांडे निवले तर पुन्हा तापवावे. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, तर पीठ तयार आहे. भरून आला, तर अजून थांबावे. मग टेबलावर सुती चादर पसरून तिच्यावर मैदा भुरभुरावा, गोळा थोडा लाटावा आणि दोन्ही हातांच्या पाठी पारीखाली घालून मधून कडेकडे ओढत न्यावे. खानदेशात हातांवर मोठे होणारे मांडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही हालचाल लगेच उमगेल. अंगठ्या आणि बांगड्या आधीच काढून ठेवाव्यात, हे मघाशीच सांगायला हवे होते. माझ्या चादरीवरची निळी फुले पारीतून, पाकळ्यांच्या कडांसह, स्पष्ट दिसली, तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत मावणारा नाही. जाड कडा कापून टाकाव्यात. लहान भोके त्याच तुकड्यांनी बुजवता येतात.

पुढचे सोपे आहे. पारीवर वितळलेले लोणी लावून लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा पसरावा, त्यावर एक किलो आंबट सफरचंदांच्या पातळ फोडी, साखर, दालचिनी, मनुका आणि लिंबाचा रस घालावा, चादर उचलत गुंडाळी करावी आणि वरून लोणी लावून १९० अंशांवर सुमारे ४० मिनिटे भाजावे. इथे मी बोस्कोप जातीची सफरचंदे वापरते. महाराष्ट्रात सहज मिळणारी लाल डिलिशस गोड असतात आणि भाजताना लवकर मऊ पडतात, म्हणून तिथे हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्यावीत किंवा लिंबू वाढवावे.

चुरा वगळू नये, कारण फळाचा रस तोच शोषतो. साखर फोडींत आधीपासून कालवून ठेवू नये. ती रस सोडवते आणि गुंडाळी खालून फाटते. उरलेला स्ट्रुडेल ओव्हनमध्येच गरम करावा, मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.