पद्मिनी घाट चढली, पण दोन दमात

जाऊन-येऊन 310 किलोमीटर, त्यात घाट जेमतेम अकराचा. सांगण्यासारखं जे झालं ते त्या अकरातच, म्हणून सपाटीचं आधी उरकतो. गाडी प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडगिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. साठच्या आसपास ठेवली की खुशीत पळते. सत्तरच्या पुढे आवाज वाढतो, वेग फारसा नाही. दारावरची त्रिकोणी काच उलटी फिरवली की वारा थेट छातीवर.

निघायला उशीर केला, ती चूक माझीच. घाटाच्या पायथ्याशी ऊन डोक्यावर आणि पुढे भरलेला ट्रक. त्याच्यामागे रांगत चार वळणं गेली. पाचव्यावर गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प. तापमानाचा काटा मध्यावरच होता, त्यामुळे पहिला संशय प्लगच्या ठिणगीसाठी लागणाऱ्या कंडेन्सरवर. प्लगची वायर काढून बघितली. ठिणगी चांगली निळी. मग पेट्रोल पंपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. हा पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला. गाडी रांगत असली की वारा लागत नाही, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढणं त्याला जमत नाही. बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं टाकलं, पंचवीस मिनिटं बसून राहिलो. येणारा-जाणारा विचारत होता, "धक्का मारू का?" चढावर! शेवटी चोक न ओढता, अॅक्सिलरेटर अर्धा दाबून स्टार्टर मारला. तिसऱ्या खेपेला उठली.

तेव्हा जाणार असाल तर उजाडायच्या आत घाट गाठा. ट्रक आडवा आलाच तर मागे रांगू नका, बाजूला थांबून त्याला चार वळणं पुढे जाऊ द्या. पाण्याचा कॅन, फडकं, फॅनबेल्ट, आणि ठिणगीसाठी लागणारे पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत हवेतच. पेट्रोलचे रबरी पाइप जुने असतील तर निघण्याआधी बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं ते फुगतात, भेगाळतात, आणि गळकं पेट्रोल तापल्या इंजिनवर पडणं ही गंमत नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, कितीही घाई असो.

चढ बरा म्हणायची वेळ उतारावर आली. गप्पांच्या नादात तिसऱ्या गिअरवर, ब्रेक दाबत दाबत उतरत होतो. जळका वास आला, आणि पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा बोटभर जास्त खाली गेलं. दुसरा गिअर टाकला, गाडी कशीबशी बाजूला घेतली. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, हे ट्रकवाले उगाच सांगत नाहीत. थांबल्यावर तापल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा. आणि निघताना तो दगड रस्त्यात सोडून जाऊ नका, महाराजा.

घरी आल्यावर मेस्त्रीनं ड्रम खोलले. पुढच्या ब्रेकचे लायनर काचेसारखे गुळगुळीत, चकाकत होते. नवे टाकले.