डायरीतली कोरी जागा

"सर, पुढची बदली कुठे ते तुम्हाला कधी कळतं?"

आठवीतल्या पोरीने आज थेट मेजरसाहेबांनाच विचारलं. देवगडला आमच्या शाळेत ते सैन्यातल्या संधींबद्दल बोलायला आले होते.

म्हणाले, लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या दिल्लीतली मिलिटरी सेक्रेटरी शाखा ठरवते. पसंती विचारतात, पण सैन्याची गरज आधी. मग खिशातली छोटी डायरी उघडून दाखवली. एका बाजूला वर्षं, समोर ठाणी. २०२७ समोर पेन्सिलने एवढंच, 'चिनूची दहावी'. ठाण्याची जागा कोरी.

ती कोरी जागा दिवसभर डोळ्यांपुढून हलली नाही. आमच्या कोकणाला माणसांची वाट बघायची सवय आहे, पण चाकरमानी गणपतीला येणार हे तरी ठरलेलं असतं. यांच्या घरच्यांनी कॅलेंडरवर कशावर खूण करायची?

एनडीएतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा ही पोरगी ताठ बसली. किती बरं वाटलं मला!

मधल्या सुट्टीत हळूच जवळ आली. "बाई, मी जाणार. पण आईला कोण सांगणार?"