बाकरे कुठे आहेत?

आज सुट्टी होती म्हणून मुंबईत फोर्टात एनजीएमएला (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) गेले. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने बांधलेलं हे १९११चं कावसजी जहांगीर सभागृह. एके काळी इथे सभा आणि मैफली व्हायच्या, १९९६पासून चित्रं लागतात. जिने चढत घुमटाखालच्या दालनापर्यंत पोचलं की खालचे सगळे मजले एकदम दिसतात. मला ते फार आवडतं.

घरी येऊन प्रोग्रेसिव्ह ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटावरचा एक जुना कॅटलॉग काढला. सूझा, रझा, हुसेन यांना पानंच्या पानं. आरा, गाडे जेमतेम. आणि सदानंद बाकरे? एक कृष्णधवल फोटो, खाली चार ओळी! १९४७ साली हा गट काढणाऱ्या सहा जणांतला हा एकटा शिल्पकार. १९५१ साली लंडनला गेला, पुढे परतून मुरूड-हर्णैला राहिला आणि २००७ साली तिथेच वारला. आपल्या कोकणात, इतकी वर्षं! खरंच वाईट वाटलं. या माणसावर मराठीत जाडजूड, भरपूर फोटोंचं पुस्तक हवं, आणि एक मोठं प्रदर्शनही.

दापोली-हर्णैकडच्या कुणाकडे बाकऱ्यांच्या आठवणी, फोटो, कात्रणं असतील तर प्लीज कळवा. मी स्वतः येऊन स्कॅन करून घेईन.